घोडीपायी आलेल्या हौसाक्का

हौसाक्कांनी मला पहिल्याच दिवशी जमिनीवर आडवं केलं.

मारामारी वगैरे काही झाली नाही. मी हातातला कागद बघून तंबू कुठे लावायचे ते सांगत होतो. चार ओळी, एका ओळीत पाच तंबू, मध्ये सारखं अंतर. तो नकाशा मीच आदल्या दिवशी पट्टी घेऊन काढला होता आणि मला त्याचा बराच अभिमान होता. कासोटा खोचलेली, काटकुळी, सावळी एक म्हातारी चपला काढून त्या मोकळ्या मैदानात अनवाणी इकडून तिकडे फिरत होती. मी काय बोलतोय याच्याशी तिचा काही संबंध दिसत नव्हता. शेवटी एका जागी थांबून ती मला म्हणाली,

“आवं, झोपा बगू हितं.”

“मी?”

“मग काय तुमचा कागद झोपनार व्हय?”

बाकीचे गडी हसायला लागले. नवीन नोकरीत पहिल्याच दिवशी तोंड वाकडं करणं बरं दिसणार नाही म्हणून मी झोपलो. मिनिटभरात कळलं की माझं डोकं पायांपेक्षा खाली गेलंय, आणि पाठीखाली एक मूळ आहे. वरून बघताना ती जागा ताटासारखी सपाट दिसत होती.

“मानसं हितं झोपाय येत्यात,” त्या म्हणाल्या. “आदी आपन झोपून बगायचं, मग तंबू ठोकायचा. उटा आता. का डोळा लागला?”

त्या दिवशी तंबू एकाही ओळीत लागले नाहीत. कुठे दोन, कुठे तीन, एक तर पार करवंदीच्या जाळीआड. पण रात्री कुणाच्याही पाठीखाली मूळ आलं नाही.

मी तिथे कसा पोचलो हे थोडक्यात सांगून टाकतो. कुपवाडच्या एका कारखान्यात मी तीस-एक वर्षं स्टोअर सांभाळलं. कुठला बोल्ट कुठल्या खणात आहे ते मी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. निवृत्त झाल्यावर सांगलीच्या घरात स्टोअर नव्हतं, म्हणून मी स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला. डबे अक्षरओळीने लावले, वर चिठ्ठ्या डकवल्या. बायकोने आठ दिवस सहन केलं. नवव्या दिवशी चहाची पूड सापडेना तेव्हा ती म्हणाली, “तुम्ही कुठंतरी जा आणि तिथं याद्या करा. पण माझ्या घरात नको.” मला ते फार लागलं होतं. साठीला आलेल्या माणसाचं घरातसुद्धा काम उरलेलं नाही, हे त्याला त्याच्या बायकोनं सांगावं आणि ते खरं असावं, यासारखं वाईट काही नसतं.

जुन्या ओळखीतून एका सुभेदारांचं नाव कळलं. फौजेतून निवृत्त झालेले, साताऱ्याकडचे, घरी चांगला ऊस. त्यांनी कासच्या पठारामागे, कोयनेच्या फुगवट्याच्या काठाला, स्वतःच्या जमिनीवर कॅम्प काढला होता. दिवाळी झाली की पाहुणे यायचे, तंबूत राहायचे, सुभेदारांची माणसं त्यांना डोंगरात फिरवून आणायची. मिरगाच्या आधी सगळं गुंडाळायचं. तंबू, दोर, मेखा, भांडी, दिवे यांचा हिशेब ठेवायला त्यांना माणूस हवा होता. मी गेलो. अशा रीतीने मी हंगामी कामगार झालो, आणि हौसाक्कांचा ‘लिष्टीभाऊ’ झालो. माझं खरं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही.

त्या स्वतः तिथे आल्या होत्या घोडीपायी.

हौसाक्का माणमधल्या. दहिवडीच्या पुढे कुठेतरी त्यांचं गाव. घर धनगराचं. चाळीस वर्षं दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाआधी माघारी यायचं, हा त्यांचा संसार. मेंढरं पुरुष राखायचे. पण रोज सकाळी बिऱ्हाड मोडून घोड्यावर लादायचं आणि दुपारी नव्या रानात उतरून पुन्हा मांडायचं, हे काम बायकांचं. धनगरांच्या त्या फिरत्या तळाला वाडा म्हणतात. वय विचारलं तर म्हणायच्या, “भात्तरच्या दुस्काळात माज्या लग्नाची बोलनी चालली हुती,” आणि पुढचा हिशेब आपण करायचा.

नवरा वारला, मेंढरं विकली गेली. मुलगा मुंबईला कामाला. त्याने गावी स्लॅबचं घर बांधलं आणि आईला म्हणाला, आता बस. त्यांनी महिनाभर बसून बघितलं. “वर बगितलं की सिमिट. झोपच येईना गड्या. वाटायचं, कुनीतरी झाकान टाकलंय.” पाखरी नावाची घोडी तेवढी शिल्लक होती. ओझी वाहायला घोडं शोधत सुभेदार त्या बाजूला गेले आणि पाखरीला टेम्पोत घालून घेऊन आले. कॅम्पवर पाखरीने तीन दिवस तोंडात काडी घेतली नाही. चौथ्या दिवशी सुभेदारांनी गावी फोन लावला. हौसाक्का एक घोंगडं आणि एक पिशवी घेऊन एस.टी.ने आल्या, आठ दिवसांसाठी, घोडी रुळेपर्यंत. मी गेलो तेव्हा त्यांचा तिथे तिसरा हंगाम चालू होता.

“घोडी रुळली का मग आक्का?” मी एकदा विचारलं.

“अजून न्हाई,” त्या गंभीरपणे म्हणाल्या. “घाई काय हाय?”

आमचं पहिलं खरं भांडण सामानावरून झालं. मी स्टोअर लावलं होतं ते अक्षरओळीने. पहिल्यांदा डोंगरावर मुक्काम पडणार होता तेव्हा पाखरीच्या पाठीवरचं सामानही माझ्या यादीबरहुकूम, यादीतलं पहिलं सगळ्यात वर येईल असं, भरलं गेलं. वर पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं आणि वारा सुटला होता. तंबू ठोकायला सगळ्यात आधी हातोडा लागतो. हातोडा ‘ह’मध्ये, म्हणजे यादीत अगदी तळाला, म्हणजे गोणीतही तळाला. दगडावर बसून आक्कांनी पिशवीतून तंबाखू काढली आणि मी एकेक वस्तू बाहेर काढताना निवांत बघत राहिल्या. कढई निघाली, काडेपेटी निघाली, चहाची पूड निघाली, मला बायकोची आठवण झाली. हातोडा हाताला लागला तेव्हा त्या उठल्या.

“लिष्टीभाऊ, आमचं बिऱ्हाड रोज उटायचं आन रोज बसायचं. उतारल्यावर पैलं काय लागंल, त्ये शेवटाला भरायचं. माजा थोरला पोरगा असा सगळ्यात वर बसून वाडला. रडला की लगेच हाताला यावा म्हनून.”

दुसऱ्या दिवशी मी अख्खं स्टोअर पुन्हा लावलं. आधी काय लागेल ते दाराशी, मग काय ते त्यामागे. तीस वर्षांत हे मला कुणी शिकवलं नव्हतं. शिकवलं असतं तरी मी ऐकलं असतं का, शंका आहे.

आक्का आवाज चढवत नसत. त्यांचं हत्यार वेगळं होतं. एकदा एका कंपनीतली तरणी मंडळी दोन दिवस राहिली आणि निघताना करवंदीच्या जाळीत कागदी पेले, बाटल्या, चिप्सची पाकिटं तशीच टाकून जीपमध्ये जाऊन बसली. आक्कांनी पाखरीला नेऊन जीपच्या पुढे आडवी उभी केली आणि स्वतः तिच्या पायाशी मांडी घालून बसल्या. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. पाखरीने शेपूट हलवली, बस्स.

“आजी, बाजूला व्हा ना,” एक पोरगी म्हणाली.

“व्हते की. एक सांगा. आमी ज्या रानात वाडा बसवायचो, त्या रानाचा मालक फुडल्या साली सोताहून बोलवाय यायचा. मेंढरं बसली की रानाला खत मिळायचं, आन उटताना आमी दगुड बी जिथला तितं ठिवायचो. तुमी उटलाय. मालक तुमास्नी परत बोलवंल का?”

सगळे उतरले. अर्ध्या तासात जाळी स्वच्छ झाली. त्यातली ती पोरगी पुढच्या वर्षी आईवडिलांना घेऊन आली आणि जीपमधून उतरल्या उतरल्या आक्कांना शोधत गेली. “बोलावलंत का मला?” म्हणाली. आक्कांनी तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

आता ज्याच्यामुळे हे लिहायला बसलो ते सांगतो. त्यात माझी चूक आहे, आणि ती माझ्याच जातीच्या माणसाला शोभणारी आहे.

दुसऱ्या हंगामात मी तंबूंच्या पिशव्यांना रंगीत पट्ट्या लावल्या. दोन माणसांच्या तंबूला लाल, तिघांच्याला निळी, मोठ्याला पिवळी. लावताना दिसलं की प्रत्येक पिशवीच्या नाडीला वेड्यावाकड्या गाठी आहेत. कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. मला गाठी आवडत नाहीत. अख्खी दुपार खर्चून मी त्या सगळ्या सोडवल्या. नाड्या सरळ झाल्या, पट्ट्या झळकायला लागल्या. मी सुभेदारांना बोलावून दाखवलं. “शाब्बास,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आलेल्या पाहुण्यांचे सगळे तंबू चुकले. नवराबायकोला मोठा तंबू आणि पाच जणींना दोघांचा. आक्का पिशव्या हातात घेत होत्या, नाडी चाचपत होत्या, ठेवत होत्या, पुन्हा उचलत होत्या. चारचौघांत त्यांचा चेहरा मी कधी एवढा पडलेला बघितला नव्हता. “आक्का, लाल पट्टी, लाल!” मी ओरडलो. त्यांनी निळी उचलून माझ्या हातात दिली.

तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. संध्याकाळी त्या पाखरीला खरारा करत होत्या तिथे मी गेलो.

“आक्का, तुम्हाला दिसत नाही.”

त्यांचा हात घोडीच्या पाठीवर थांबला. “दिसतंय की. सावल्या दिसत्यात. उजेड दिसतोय. तोंडं न्हाई दिसत.”

“कधीपासून?”

“झाली दोन-तीन वर्सं.”

म्हणजे मी आलो तेव्हापासूनच. त्या जमीन पायाने तपासायच्या, चपला काढून चालायच्या, डोंगरात कायम शेवटी चालायच्या आणि एक हात पाखरीच्या पाठीवर असायचा. ते सगळं मला लाघवी वाटायचं. घोडीवर किती माया ही! पाहुणे त्या दोघींचे फोटो काढायचे.

“सायबाला सांगू नगा,” त्या म्हणाल्या. एवढंच. विनवणी नाही, काही नाही. पुन्हा खरारा करायला लागल्या.

सुभेदारांचा एक नियम होता आणि तो आम्हा सगळ्यांना पाठ होता. ज्याला नीट दिसत नाही, नीट ऐकू येत नाही किंवा ज्याचे गुडघे गेलेत, त्याने पाहुण्यांबरोबर डोंगरात जायचं नाही. आदल्या वर्षी त्यांनी स्वतःच्या सख्ख्या मावसभावाला गुडघ्यापायी घरी पाठवलं होतं. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण आक्कांना डोंगर बंद म्हणजे माघारी माण, आणि माण म्हणजे तो स्लॅब. मी गप्प बसलो. बसावं की नाही यावर त्या हंगामात माझी बरीच झोप गेली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी सगळ्या नाड्यांना पुन्हा गाठी मारल्या. दोघांच्याला एक, तिघांच्याला दोन, मोठ्याला तीन. आक्कांनी पहिली पिशवी उचलली, नाडी चाचपली आणि माझ्या दिशेला तोंड करून हसल्या.

तिसऱ्या हंगामात, ऐन थंडीत, आष्ट्याहून शाळेतल्या शिक्षकांचा एक गट आला. बावीस जण. डोंगरावर जाऊन चार वाजेपर्यंत खाली पायथ्याला यायचं, तिथे दोन जीपा उभ्या, जीपमध्ये बसून कॅम्पवर. मोजायचं काम माझं. त्या दिवशी डोंगरावर दुसरेही लोक आले होते, त्यामुळे पायथ्याला गर्दी होती आणि खाली यायला पाच वाजून गेले होते. ऊन डोंगराआड गेलं होतं. त्या भागात अंधार पडला की गवे उतरतात, अस्वलंही आहेत. मी एका जीपमध्ये अकरा मोजले, दुसऱ्यात अकरा. बावीस. वहीत बरोबरची खूण केली आणि ड्रायव्हरला हात केला.

एवढ्यात आक्का आणि पाखरी मागून पोचल्या. आक्का थांबल्या.

“एक बाई न्हाई आपली.”

“बावीस आहेत आक्का. दोनदा मोजलेत.”

“असतील बावीस. येक बाई सकाळधरनं डावा पाय घासत चालत हुती. नवी चप्पल असावी न्हायतर बूट. ती माज्या फुडंच असायची. वड्यापसनं तिचा पाय वाजला न्हाई. मला वाटलं फुडं गेली आसंल.”

“जीपमध्ये बसल्यावर पाय कसा वाजेल?”

“मग उतरवा समद्यास्नी.”

ड्रायव्हर वैतागला. आक्कांनी पाखरी जीपच्या पुढे आडवी घातली. ते हत्यार आम्हाला माहीत होतं, तेव्हा वाद मिटला. बावीस माणसं खाली उतरली, आणि त्या म्हातारीने त्या सगळ्यांना आपल्यासमोरून दहा-दहा पावलं चालायला लावलं. मुलांना कवायत करायला लावणारे शिक्षक थट्टा करत, हसत, एकेक करून चालत गेले. आक्का मान खाली घालून उभ्या होत्या. सतरावी का अठरावी बाई चालली तेव्हा त्यांनी मान वर केली.

“ही कोन? ही चाल आपली न्हाई.”

ती बाई गोंधळली. ती दुसऱ्याच गटातली होती. पाय दुखत होते म्हणून जी जीप दिसली तिच्यात येऊन बसली होती, तिला वाटलं होतं सगळ्या एकाच कॅम्पच्या. आणि मग एका शिक्षकाने विचारलं, “अरे, देसाईबाई कुठायत?” या जीपवाल्यांना वाटत होतं बाई त्या जीपमध्ये आहेत, आणि त्या जीपवाल्यांना वाटत होतं या जीपमध्ये. माझा आकडा बरोबर होता आणि एक बाई जंगलात राहिली होती.

मी, एक ड्रायव्हर, आक्का आणि पाखरी असे माघारी वळलो. आक्का पुढे होत्या. ओढ्याच्या अलीकडे त्या थांबल्या आणि त्यांनी हाक घातली. मेंढरांना घालतात तशी, लांब, शेवट वर जाणारी. डावीकडून, वाट सोडून खालच्या अंगाने, बारीक ओ आली. देसाईबाईंचा बूट चावून टाचेची सालटी निघाली होती. पाय धुवायला त्या ओढ्याच्या कडेकडेने खाली गेल्या आणि चढायला वाट सापडेना. फोनला रेंज नव्हती. आम्ही पोचलो तेव्हा त्या एका दगडावर पाय पोटाशी घेऊन बसल्या होत्या आणि आक्कांच्या गळ्यात पडून लहान पोरीसारख्या रडल्या. त्यांना पाखरीवर बसवून आणलं.

दिवेलागणीला सुभेदारांनी आम्हा सगळ्यांना ओळीत उभं केलं. फौजी आवाजात मला विचारलं, “आकडा मोजला. माणसं कोण बघणार?” मी हातातली वही मिटली. मग ते आक्कांकडे वळले आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला.

“आक्का, कमाल केलीत. काय नजर हाय तुमची! उद्यापासनं मोजायचं काम तुमचं. तुमी पुढं थांबायचं, प्रत्येकाचं तोंड बघून जीपमध्ये बसवायचं.”

त्यांना फक्त ‘व्हय’ म्हणायचं होतं. मी शेजारी उभा राहून नावं कुजबुजलो असतो. निभावलं असतं.

“सायेब,” आक्का म्हणाल्या, “मला तोंडं दिसत न्हाईत. लिष्टीभाऊला इचारा, त्येला म्हाईत हाय. आज चालीवरनं कळलं. उद्या पाऊस-वारा आसला, पाय वाजला न्हाई, तर? मानसाचा जीव हाय. मी व्हय कशी म्हनू?”

सुभेदारांच्या तोंडावर राग होता की दुसरं काही, मला सांगता येणार नाही.

“नियम म्हणजे नियम, आक्का,” ते म्हणाले. “उद्यापासनं डोंगर बंद.”

“व्हय.”

“कॅम्पवर राहा. पावसाळ्यात डोळ्यांचं करून या. दिसायला लागलं की तुमची जागा तुमची. तोवर कुणाला देणार न्हाई.”

दुसऱ्या दिवशी दुसरा गडी पाखरीला घेऊन निघाला. पहिल्या वळणावर ती उभी राहिली ती राहिलीच. ओढली, चुचकारली, गूळ दाखवला. ती काही केल्या पाऊल टाकेना. उरलेला हंगाम सामान माणसांनी पाठीवर वाहिलं. ती आक्कांवर रुसलीय, असं आम्ही म्हणायचो.

जूनमध्ये मी आक्कांना मिरजेला दवाखान्यात घेऊन गेलो. मुक्काम आमच्या सांगलीच्या घरी. डोळ्यात सुई घालणार म्हणून त्या घाबरल्या होत्या, पण तसं न सांगता “पाखरीला कोन बगंल?” हेच दर तासाला विचारत होत्या. पाखरी सुभेदारांच्या गावी गोठ्यात होती. आमच्या घरी त्यांनी एक काम केलं. बायकोला स्वयंपाकघरात एकदा चहा करताना ऐकलं, ती किती वेळा पाय उचलते ते मोजलं, आणि दहा मिनिटांत तिचे डबे पुन्हा लावून दिले. बायको अजून ते डबे हलवू देत नाही. मी केलं तेव्हा मला घराबाहेर काढलं होतं.

मोतीबिंदू पिकून एक डोळा गेला होता, त्यात काही होण्यासारखं नव्हतं. दुसऱ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा मी समोर उभा होतो. आक्कांनी डोळा मिचकावला, पुन्हा उघडला आणि माझ्याकडे नीट बघितलं. तीन हंगामांत पहिल्यांदा.

“लिष्टीभाऊ,” त्या म्हणाल्या, “तुमी येवडं म्हातारं हाय व्हय? आवाजावरनं मला चाळिशीतलं वाटत हुता.”

दिवाळी झाली आणि आम्ही सगळे कॅम्पवर जमलो. आक्का एस.टी.तून उतरल्या ते चष्मा लावून, ताठ मानेने. सुभेदारांनी बोटं दाखवली, त्यांनी बरोबर सांगितली. “जागा तुमची,” ते म्हणाले. आक्का तडक पाखरीकडे गेल्या. मी मागोमाग. त्यांनी दोन्ही हातांनी तिचं तोंड धरलं आणि एका चांगल्या डोळ्याने बराच वेळ बघत राहिल्या. मग तिच्या डोळ्यासमोरून हात फिरवला. पाखरीची पापणी हलली नाही. तिच्या दोन्ही डोळ्यांत निळसर दुधी पडदा चढला होता. रोज तिला चारा घालणाऱ्यांपैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. ती रुसली नव्हती. आक्कांच्या हाताशिवाय तिला वाटच नव्हती.

आक्का हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्याला लावला.

“बगा लिष्टीभाऊ. दोगी बी आंधळ्या. आन ह्या डोंगरात वाट कोन कुनाला दावत हुतं म्हनावं?”

आठ दिवस त्या राहिल्या. नव्या गड्यांना जागा झोपून कशी बघायची ते शिकवलं, गाठी शिकवल्या. नवव्या दिवशी सुभेदारांना म्हणाल्या, “सायेब, तुमचा नियम जनावराला बी लागू. हिला घिऊन जाते.”

सुभेदारांनी परोपरीने सांगितलं. घोडी इथेच राहील, बसून खाईल, तुम्ही काम करा. ज्या जागेसाठी त्यांनी तीन वर्षं सावल्यांत चालून काढली, ती जागा समोर होती.

“मला स्लॅबखाली झोप यीना, हिला खुट्याला कशी यील? चालायची सवं हाय तिला. हितल्या वाटंवर आता पाय टाकाय भ्या वाटतंय तिला. पर आमच्या गावाकडची, मानची वाट हाय की. धा-बारा वर्सं गेली-आली ती त्या वाटंनं. ती तिच्या पायाला म्हाईत हाय. आन आता एक डोळा हाय की आमच्यात. दोगीला एक पुरंल.”

टेम्पो त्यांनी नाकारला. जुन्या मुक्कामांवर थांबत चालत जाणार होत्या.

त्याला आता दोन वर्षं झाली. अधूनमधून मुलाच्या फोनवरून त्या बोलतात. पाखरी आहे. सकाळ-संध्याकाळ दोघी गावाबाहेर माळाला फिरून येतात. आक्का घराबाहेर पडवीत झोपतात, घोडीजवळ. मी अजून दर दिवाळीनंतर कॅम्पवर जातो. संध्याकाळी पायथ्याला माणसं मोजतो, आकडा वहीत लिहितो, आणि मग सगळ्यांना दहा पावलं चालायला लावतो. पाहुणे हसतात. मी कारण सांगतो, तेव्हा हसायचे थांबतात. मला साठीनंतर काम मिळालं ते सुभेदारांमुळे. पण काम म्हणजे काय ते आक्कांनी शिकवलं, आणि हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर म्हणाल्या असत्या, लिष्टीत लिवा. म्हणून लिहितोय.

त्या गेल्या ती सकाळ. आक्कांनी स्वतः पाखरीवर सामान लादलं. घोंगडं तळाला, वर भांडं, अगदी वर चहाची पूड. दोर आवळला, माझ्याकडे बघून म्हणाल्या, “चला, उटवा वाडा.” रोज सकाळी कॅम्पवर त्या हेच म्हणायच्या. मग त्या पुढे झाल्या. आजवर त्यांचा हात पाखरीच्या पाठीवर असायचा. आता पाखरीचं तोंड त्यांच्या खांद्याला टेकलेलं होतं. दिवाळीनंतरचे दिवस, माणकडचे वाडे मेंढरं घेऊन घाटाकडे उतरत होते, आणि या दोघी त्या सगळ्यांच्या उलट्या दिशेने निघाल्या होत्या. एक कळप समोरून आला, त्याचा धुरळा उठला आणि त्यात मला त्या दिसेनाशा झाल्या. मी डोळे मिटले आणि ऐकत राहिलो. मेंढरांच्या पायांच्या त्या एवढ्या गलबल्यातून अनवाणी दोन पावलं आणि मागोमाग चार टापा, सावकाश, एका लयीत, वळणापर्यंत मला वेगळ्या ऐकू येत होत्या.